माझा अनुभव: टॉवेल कारखान्याचा हिशोब वहीतून संगणकात आणताना

हिशोब संगणकावर आणून देण्यासाठी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराशी पहिली बैठक झाली की दहातल्या नऊ वेळा प्रश्न एकच येतो: "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर मी सहा आठवडे देत नाही. तोवर काम चालतं ते कागद, वजनकाटा आणि एका साध्या एक्सेल शीटवर. सॉफ्टवेअर आधी घेतलं की विकणारा माणूस दोन दिवसांत शिकवून जातो, दिवाणजी महिनाभर बिलं काढतात, साठ्याचे आकडे जुळेनासे होतात आणि शेवटी तो संगणक फक्त बिल छापायचं यंत्र होऊन बसतो. सोलापुरात असे कारखाने भरपूर सापडतील.

सुरुवात आयटमच्या नावांपासून करावी लागते. एकाच टॉवेलला विक्रीचा माणूस 'तीस-साठ' म्हणतो, जॉबर (मागांवर देखरेख करणारा) 'बाथ मोठा' म्हणतो, डाईंगवाल्याच्या चलनावर 'पांढरा ४००' असतं आणि चाटी गल्लीतला व्यापारी त्याला स्वतःच्याच ब्रँडच्या नावानं ओळखतो. चौघांनी चार नावांनी नोंद केली की संगणकाला चार वेगळे आयटम दिसतात. एकात साठा उणे, दुसऱ्यात नको तेवढा जास्त. म्हणून आधी मागच्या वर्षभराची बिलं आणि चलनं घेऊन बसायचं आणि सगळी नावं एका यादीत उतरवायची. 'आपल्याकडे चाळीसच आयटम आहेत' असं सांगणाऱ्या मालकाकडे तीनशे-साडेतीनशे नावं निघाली तरी दचकू नये. त्यातून खरे आयटम वेगळे काढायचे आणि प्रत्येकाला कोड द्यायचा. आकार, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), रंग, प्रकार, एवढ्या चार गोष्टी कोडात पुरतात. ३०६०-४००-पां-सा म्हणजे ३० बाय ६० इंच, ४०० जीएसएम, पांढरा, साधा. गिऱ्हाइकाचं नाव कोडात घालायचं नाही. एकदा घातलं की प्रत्येक नव्या व्यापाऱ्यामागे आयटम वाढत जातात.

एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा सांकेतिक क्रमांक, याच वेळी आयटमला जोडून टाकावा. सुती टेरी (फासे असलेला) टॉवेल ६३०२ ६० मध्ये येतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेली की बिलावर सहा आकडी एचएसएन लागतो आणि व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलाचं ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद) करावं लागतं. ई-इन्व्हॉइसची ही ५ कोटींची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून आहे.

आता वजन. खरी डोकेदुखी इथेच असते.

सूत किलोत येतं. विणकराची मजुरी नगावर. डाईंगवाला पुन्हा किलोत बोलतो आणि विक्री डझनात होते. संगणकाला हे एकमेकांत बदलायला शिकवायचं तर प्रत्येक आयटमचं प्रमाण वजन हवं. गणित सोपं आहे. ३० बाय ६० इंच म्हणजे ०.७६२ गुणिले १.५२४ मीटर, म्हणजे १.१६ चौरस मीटर. ४०० जीएसएमनं एक नग साधारण ४६४ ग्रॅम भरतो, डझन ५.५७ किलो. हा कागदावरचा आकडा झाला. प्रत्यक्षात तयार मालाचे वेगवेगळ्या लॉटमधले पन्नास नग काट्यावर ठेवून सरासरी काढायची. समजा ती ४८० ग्रॅम आली. नगामागे १६ ग्रॅम जादा, म्हणजे हजार डझनांमागे १९२ किलो सूत फुकट गेलं. बहुतेक मालकांचा या कामावर विश्वास बसतो तो हा आकडा बघून. तोवर एक रुपयाचंही सॉफ्टवेअर घेतलेलं नसतं.

दुसरी बाब घटीची. ग्रे माल (मागावरून उतरलेला, न धुतलेला, न रंगवलेला) ब्लीचिंगला गेला की कापसातलं मेण, तेल आणि मागावर लावलेली खळ निघून जाते, वजन उतरतं. माल आणि प्रक्रियेप्रमाणे ही घट साधारण ५ ते ८ टक्के धरतात. वरचेच शंभर डझन तयार हवेत, म्हणजे ५५७ किलो, तर ६ टक्के घट धरून ग्रे माल ५९३ किलो पाठवावा लागेल. मधल्या ३६ किलोंना संगणकात जागाच ठेवली नाही तर प्रत्येक लॉटला 'तूट' दिसते. दोनतीन लॉटनंतर लिहिणारा माणूस कंटाळतो आणि आलेलं वजन गेलेल्या वजनाएवढंच टाकून मोकळा होतो. तिथून पुढचा सगळा हिशोब खोटा. म्हणून प्रत्येक डाईंगवाल्याची प्रक्रियेप्रमाणे अपेक्षित घट आधी भरून ठेवायची. तिच्यापेक्षा दीड-दोन टक्के जास्त गेली तरच विचारणा करायची, एरवी नाही.

सुताच्या गोदामात आणखी एक चकवा असतो, हवेचा. सुती सुतात प्रमाण आर्द्रता ८.५ टक्के धरतात. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते आणि उघड्या कोनांमधला (सूत गुंडाळलेल्या शंकूंमधला) ओलावा उडतो. तो ५ टक्क्यांवर आला तर हजार किलो सूत काट्यावर ९६८ किलोच्या आसपास भरतं. बत्तीस किलोंसाठी गोदामातल्या माणसावर संशय घेण्याआधी हे गणित मालकाच्या कानावर घालायलाच हवं. यावर उपाय साधा आहे. सुताची मोजदाद बॅग आणि कोन मोजून करायची, वजन फक्त फुटलेल्या बॅगांचं.

यानंतर येते आरंभीच्या साठ्याची मोजणी. तारीख निवडताना हिशोबनीस १ एप्रिल सुचवतात. खात्यांसाठी ती बरोबर आहे, साठ्यासाठी गैरसोयीची, कारण मार्चअखेर सगळ्यांची धावपळ चालू असते. माग बंद असतात असा दिवस धरावा. गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीचा दिवस मिळाला तर उत्तम. मोजायच्या जागा पाच: सुताचं गोदाम, मागावरची बीमं (ताणीचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत गुंडाळलेले रूळ), ग्रे माल, बाहेर दिलेला माल आणि तयार गासड्या. पहिली, तिसरी आणि पाचवी दिवसभरात उरकतात. बीम अवघड. टेरीच्या मागावर दोन बीमं असतात, एक ग्राउंडचं (पायाच्या विणीचं) आणि एक पाईलचं (वरच्या फाशांचं), आणि पाईलचं बीम कितीतरी वेगानं संपतं. चढवलेलं बीम उतरवून तोलता येत नाही. बीम चढवताना कार्डावर ताणीची लांबी आणि सुताचं वजन लिहिलं असेल तर आजवर निघालेल्या नगांवरून उरलेलं काढता येतं. कार्डच नसेल तर जॉबरला विचारून पाव, अर्धं, पाऊण असा अंदाज लिहायचा आणि पुढच्या प्रत्येक बीमला कार्ड लावायचं. महिन्या-दीड महिन्यात जुनी बीमं संपली की अंदाजही संपतो.

सगळ्यात जास्त घोळ चौथ्या जागी, बाहेर दिलेल्या मालात. डाईंग, शिलाई, झालर, जिथं जिथं माल गेलाय तिथं स्वतः जाऊन मोजायचा आणि त्याच कागदावर समोरच्याची सही घ्यायची. फोनवर विचारलेला आकडा धरायचा नाही. यात जीएसटीचाही मुद्दा आहे: जॉबवर्कला (बाहेर मजुरीवर करून घ्यायच्या कामाला) पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर तो पाठवल्याच्या दिवशी विकला असं धरून कर लागतो. त्यामुळे जुनी उघडी चलनं तारखेप्रमाणे लावायची आणि अकरा महिने उलटलेली लाल करून ठेवायची.

मग रोजची नोंद. रकाने सहाच ठेवावेत: तारीख, पाळी, माग क्रमांक, आयटम कोड, चांगले नग, सेकंड (दोष असलेले नग). सातवा रकाना मागायला प्रत्येक जण येतो, तो पहिले दोन महिने द्यायचा नाही. पूर्व भागातल्या कारखान्यांत जॉबर आणि विणकर आपसांत तेलुगू बोलतात, हेमिंगच्या (काठ शिवणाऱ्या) बायका मराठी किंवा कन्नड. त्यांच्यापुढे इंग्रजी मेनूचं ॲप ठेवून उपयोग नाही. पण आकडे सगळ्यांना येतात. म्हणून प्रत्येक मागाला छापील कार्ड, त्यावर फक्त आकडे. पाळी संपली की जॉबर कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि ऑफिसातला माणूस सकाळी अकराच्या आत तो शीटमध्ये चढवतो. अकराची वेळ मुद्दाम आहे. दुपारपर्यंत लांबलं की काम उद्यावर जातं, आणि तीन दिवसांची कार्डं एकदम भरणारा माणूस आकडे 'जुळवून' भरतो.

यंत्रांबद्दल थोडक्यात. संगणक माग-खात्यात ठेवू नका. सुताची धूळ त्याच्या पंख्यात आणि प्रिंटरमध्ये भरते. माग सुरू होताना विजेचा दाब पडतो, म्हणून वीज वेगळ्या लाइनवरून घ्या आणि यूपीएस लावा. बारकोड फक्त तयार गासडीला. डाईंगला जाणाऱ्या लॉटवर कागदी लेबल लावलं तर त्याचा पहिल्याच धुण्यात लगदा होतो. तिथं कापडी तुकड्यावर पक्क्या शाईनं लॉट नंबर लिहून तो टाक्यानं अडकवायचा. ही जुनीच रीत आहे आणि तिच्याहून चांगली अजून मिळालेली नाही.

सहा आठवडे शीट रोज भरली गेली तरच सॉफ्टवेअर बघायला बसायचं. विक्रेत्याला आपलीच माहिती द्यायची आणि तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगायच्या: किलोत आलेलं सूत नगात कसं जातं, घट धरून जॉबवर्कचं चलन कसं बंद होतं, आणि एका बिलापोटी दोन हप्त्यांत आलेले पैसे कसे दिसतात. तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण उधारीची यादी तिच्यावर उभी असते. व्यापाऱ्याचे पैसे 'खात्यावर जमा' असे टाकले आणि बिलाशी जोडले नाहीत, तर कोणतं बिल किती दिवस थकलंय ते कधीच कळत नाही. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. त्या मुदतीत न दिलेल्या पैशांची आयकरातली वजावट खरेदीदाराला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. म्हणून उद्यम क्रमांक (एमएसएमई नोंदणीचा) बिलावर छापायचा आणि मुदतीची तारीखही.

वर्षाच्या मध्ये बदल करत असाल तर बिलांची नवी मालिका धरा. क्रमांक अक्षरं, आकडे, आडवी रेघ, तिरकी रेघ मिळून १६ खुणांपर्यंतच चालतो आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा येता कामा नये. ई-इन्व्हॉइस चुकलं तर २४ तासांतच रद्द करता येतं. नेहमीच्या चुका दोनच, पिन कोड आणि राज्य न जुळणं आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक जुना असणं. दोन्ही आधी तपासल्या तर ही वेळ येत नाही.

एवढं सगळं नीट बसूनही व्यवस्था मोडते ती मालकाच्या फोनमुळे. व्यापाऱ्याचा फोन येतो, मालक लगेच सुपरवायझरला लावतात: "अण्णा, पांढरा तीस-साठ किती आहे?" तिकडून उत्तर येतं, "दीडशे डझन आहे शेठ." विषय संपला. ज्या आकड्यावर मालक निर्णय घेतात तोच आकडा लोक सांभाळतात. तोंडी उत्तर चालत असेल तर नोंद कोण कशाला नीट करेल? म्हणून मी मालकांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतो: दोन महिने साठ्याचा कोणताही प्रश्न तोंडी विचारायचा नाही, रिपोर्ट उघडायचा. रिपोर्ट चुकीचा निघाला तर सुपरवायझरला बोलावून त्याच्यासमोर चूक शोधायची, रागवायचं नाही. पहिल्या आठवड्यात रोज चूक निघते, तिसऱ्या आठवड्यात एखाददुसरी. मालकांचा मुलगा शिकून आलेला असतो, त्याच्यावर हे सोपवायचा मोह होतो. तो मदत करू शकतो, पण खात्यातले लोक अजून वडिलांकडेच बघत असतात.

पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा हवा. मागच्या तारखेची नोंद तीन दिवसांनंतर बंद. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारकच आहे, भागीदारीतल्यांनीही तेच घ्यावं. बॅकअप रोज, दोन पेन ड्राइव्हवर आलटून पालटून, त्यातला एक रात्री घरी. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचा. न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही.

वही आणि संगणक बरोबरीनं चालवायचे ते दोनच महिने. त्याहून लांबलं की लोक वहीवरच विसंबतात आणि संगणकात नंतर सावकाश उतरवतात. दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुन्हा पाचही जागा मोजायच्या. फरक एका टक्क्याच्या आत आला की वहीत शेवटची ओळ मारून मालकांची सही घ्यायची. वही रद्दीत मात्र घालू नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वाळवी लागणार नाही अशा जागी.