दोन वर्षं मी नुसती ‘जळजळ’ सांगत होते

माझी पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. त्यानंतर संबंधाच्या वेळी आत चिरल्यासारखं व्हायचं, पण अमळनेरला डॉक्टरांसमोर तोंडातून निघायचं एवढंच, लघवीला जळजळ होते. मग लघवी तपासा, गोळ्या घ्या, महिन्याने पुन्हा तेच. एकांनी तर ‘आता नातवंडं खेळवा’ म्हणून विषयच संपवला. रात्री हे कुशीवर वळले की मी घोरायचं सोंग घ्यायचे.

शेवटी धाकटी बहीण धुळ्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून सरळ विचारलं, “संबंधाच्या वेळी दुखतं का?” मी पदराशी चाळा करत राहिले, तर बहीण म्हणते, “सांग ना वं ताई, कसाले लाजस?”

बाईंनी समजावलं, पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन घटतं, योनीचं आतलं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, लघवीची जळजळही त्यातलीच. स्तनाचा कॅन्सर झाला होता का, पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं का, हे विचारून, तपासून बाईंनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. संबंधाच्या वेळी लावायचं जेल वेगळं.

क्रीमसोबत ते आत सोडायला खुणांची प्लास्टिकची नळी येते. ती धुऊन वाळवायची कुठे, हाच माझा मोठा प्रश्न! घरात सून, पोरं. बांगड्यांच्या डब्यात तिची सोय केली.

महिन्याभरात जळजळ थांबली. दुखणं मात्र पूर्ण जाईना, कारण भीतीने अंग आधीच आवळलं जायचं. त्यावर फिजिओथेरपी सांगितली. मला वाटायचं ती गुडघ्यांचीच असते. श्वास सोडताना खालचे स्नायू सैल सोडायला शिकले, त्यात दोन महिने गेले.

बहिणीने इच्छा वाढवायच्या गोळीचंही विचारून घेतलं. अमेरिकेत २०१५ साली अशी एक गोळी मंजूर झाली, ती तेव्हा पाळी सुरू असलेल्या बायकांसाठीच होती, असं बाईंनी सांगितलं. “आधी दुखणं थांबू द्या, इच्छेचं मग बघू.”

ह्यांना सांगितलं ते मळ्यात, कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजताना. हे बराच वेळ एकच वांगं उलटवत राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला मीच नकोसा झालो.”

पुढच्या खेपेला धुळ्याला हेच सोबत आले. आत नाही आले, बाहेर पेपर वाचत बसले.