एएफएमसीची मुलाखत : पुण्यातले दोन दिवस आणि मेडिकल बोर्ड

महाराष्ट्रात एमबीबीएसला मुलाखत हा प्रकारच नाही. नीटचे गुण, सीईटी सेलची कॅप राउंड (राज्याची सामायिक प्रवेशफेरी), कागदपत्रं, फी, झाला प्रवेश. अपवाद पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजचा (एएफएमसी). इथे नीटच्या गुणांवर फक्त बोलावणं येतं. पुढे इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, आणि यादीत नाव लागलं तर लष्करी मेडिकल. मी यातून गेलो तेव्हा मराठीत याबद्दल सलग काही सापडलं नव्हतं, म्हणून हे.

आधी हिशेब, कारण तो बहुतेकांनी धड मांडलेला नसतो. नीटचे ७२० आणि इंग्रजी-तर्काच्या परीक्षेचे (सगळे तिला ‘टोएलर’ म्हणतात) ८० मिळून ८०० होतात. या ८०० चे २०० करतात आणि त्यात मुलाखतीचे ५० मिळवतात. एकूण २५०. म्हणजे नीटचा एक गुण शेवटी पाव गुण होतो आणि मुलाखतीचा एक गुण पूर्ण एक राहतो. मुलाखतीत दोघांमध्ये ५ गुणांचा फरक पडला, तर तो नीटच्या २० गुणांइतका. बोलावलेल्या मुलांचे नीटचे गुण एकमेकांना खेटूनच असतात, त्यामुळे ‘मला नीटला जास्त आहेत, मुलाखत निभावून नेऊ’ ही समजूत महागात पडते. भारतीय मुलामुलींसाठी जागा १४५, त्यांतल्या मुलींसाठी ३०. तुमच्या वर्षीचे आकडे माहितीपत्रकात एकदा पडताळून घ्या.

पहिली चूक पुण्याला यायच्या आधीच होते. एमसीसीच्या (केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) पोर्टलवर नोंदणी करताना एएफएमसीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. राज्याच्या कॅपचा फॉर्म भरला म्हणजे इथलाही भरला असं होत नाही. मुदत गेली की ६८० गुण असले तरी बोलावणं येत नाही. अटीही वाचा. अविवाहित असणं, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण आणि २४ च्या आत वय, आणि बारावी पहिल्याच प्रयत्नात पास. नीटसाठी एक वर्ष थांबलेल्यांना अडचण नाही. बारावीचा विषय राहिला असेल तर मात्र आहे.

कागदांमध्ये आपल्याकडच्या मुलांचा घोळ ठरलेला असतो तो नावाचा. एसएससी बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. नीटचा फॉर्म सायबर कॅफेत भरलेला, त्यात वडिलांचं नाव गाळलेलं. टेबलापलीकडचा माणूस केरळचा किंवा हरियाणाचा असू शकतो आणि त्याला ही तीन माणसं वाटू शकतात. ‘तिन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून फाइलमध्ये ठेवा. दुसरी अडचण मूळ कागदांची. त्याच सुमारास एखाद्या कॉलेजात जागा घेतली असेल, तर मूळ कागद तिथे अडकलेले असतात. तिथून ‘मूळ प्रती आमच्याकडे जमा आहेत’ असं शिक्क्याचं पत्र आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच घेऊन निघा. फोटो नीटच्या फॉर्मवरचाच, आठ-दहा प्रती.

कॉलेज सोलापूर रोडवर, कॅन्टोन्मेंटमध्ये. रिक्षावाल्याला ‘एएफएमसी’ एवढं पुरतं. राहायची सोय आपली आपण करायची: कॅम्प, फातिमानगर, वानवडी किंवा स्टेशनचा परिसर. नातेवाईक सिंहगड रोडला राहतात म्हणून तिकडे उतरू नका. सकाळी रिपोर्टिंग असतं आणि पुण्याची सकाळ रस्त्यावर कशी जाते हे पुणेकर सांगतीलच. पालकांना गेटच्या आत फार वाव नसतो, मोबाइल आत चालेल हे गृहीत धरू नका. पाऊस असेल तर चप्पल घालून या आणि बूट-मोजे पिशवीत आणा. ओल्या मोज्यांनी दिवसभर बसलेल्या मुलाचं लक्ष पायांकडेच राहतं.

टोएलर संगणकावर होते. ४० प्रश्न, ३० मिनिटं, बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा वजा. एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद येतात. उताऱ्यावरचे प्रश्न, शब्दांचे अर्थ, वाक्यातल्या चुका, क्रम लावणं, कोडी. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीपेक्षा वेळ जास्त नडतो, कारण उतारा दोनदा वाचायची सवय असते. प्रश्न आधी वाचा, मग उतारा. नीटमध्ये चुकीला एक पूर्ण गुण जातो, त्या धाकाने इथेही मुलं प्रश्न सोडून देतात. पण गणित सरळ आहे: चारपैकी एक पर्याय जरी बाद करता आला, तरी अंदाजाने उत्तर देणं सरासरीने फायद्याचंच.

मानसशास्त्रीय चाचणीची तयारी करू नका, खरंच करू नका. अशा चाचण्यांत एकच गोष्ट शब्द फिरवून पुन्हा विचारतात आणि ‘आदर्श कॅडेट’ बनून दिलेली उत्तरं एकमेकांशी भांडायला लागतात. पटकन, मनात येईल ते, आणि एकही प्रश्न न सोडता उत्तरं द्या.

मुलाखत. मुलांनी फिका पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे बूट. मुलींनी साधा सलवार-कमीज किंवा फॉर्मल. समोर अधिकाऱ्यांचं पॅनेल. आत यायची परवानगी मागायची, ‘गुड मॉर्निंग’ एकदाच सगळ्यांना, बसायला सांगितल्यावरच बसायचं. सुरुवात तुमच्या फॉर्मवरून होते: गाव, शाळा, घरचे काय करतात, छंद. छंदावरून साखळी सुरू होते. आपल्याकडची निम्मी मुलं ‘ट्रेकिंग’ सांगतात. मग कोणते किल्ले? कळसूबाई किती उंच? (१६४६ मीटर.) उंचावर गेल्यावर श्वास का लागतो? हिमदंश म्हणजे काय? अकरावीच्या श्वसनाच्या धड्यापर्यंत ते असे सहज येतात. दोनदाच राजगडला गेला असाल तर ‘दोनदा’ म्हणा; दोनदा गेलेल्याला दोनदाचे प्रश्न येतात.

‘लष्करच का?’ हा प्रश्न येणारच. ‘देशसेवा’ एवढ्यावर थांबलात तर पुढचा प्रश्न तयार असतो: गावातला सरकारी डॉक्टर देशसेवा करत नाही का? उत्तरात तुमच्या आयुष्यातली एखादी ठोस गोष्ट हवी, एनसीसी असेल, घरातलं कुणी असेल, खेळ असेल. काहीच नसेल तर सरळ सांगा की शिक्षण आणि राहण्या-जेवणाचा खर्च सरकार करतं, नोकरी पक्की आहे आणि मला तसं शिस्तीचं आयुष्य चालेल. हे ऐकून कुणी नाक मुरडत नाही. पाठोपाठ ‘एम्स मिळालं तर?’ येतो, तिथे खोटं लगेच दिसतं.

थोडी माहिती मात्र हवीच. आर्मीतला कॅप्टन म्हणजे नौदलातला लेफ्टनंट आणि हवाई दलातला फ्लाइट लेफ्टनंट. नौदलाचा डॉक्टर असेल तर सर्जन लेफ्टनंट. आर्मी मेडिकल कोअरचं बोधवाक्य ‘सर्वे सन्तु निरामयाः’. कॉलेजची स्थापना १ मे १९४८ ची, आणि १ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रपतींनी त्याला ‘प्रेसिडेंट्स कलर’ (मानाचा ध्वज) दिला. त्या आठवड्याचं वर्तमानपत्र वाचलेलं असावं. नाही आलं तर ‘आय डोन्ट नो, सर’ म्हणून शांत राहायचं. अंदाजाने बोललेलं वाक्य पुढच्या तीन प्रश्नांना आमंत्रण देतं. इंग्रजीत अडखळलात तर थांबून साधं वाक्य करा. व्याकरणापेक्षा गोंधळ जास्त खटकतो.

शेवटची गाळणी मेडिकल बोर्डाची, आणि हुशार मुलं गळतात ती इथे. उंची, वजन, छातीचा फुगवटा (किमान ५ सें.मी.), डोळे, रंगांधळेपणा, कान-नाक-घसा, दात, हाडं, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. मुलांना कपडे काढून उभं राहावं लागतं, मुलींची तपासणी महिला डॉक्टर करतात. ज्यांवर अडतं त्या गोष्टी रोजच्या आयुष्यात कुणी मोजत नाही: तळपाय सपाट असणं, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागणं, नाकाचा पडदा वाकडा असणं, तळहाताला सतत घाम, वजन जास्त, कानात मळ साचल्याने पडदाच न दिसणं. कानातला मळ आणि किडलेले दात दोन आठवडे आधी साफ करून घेता येतात. वजनाला महिने लागतात, म्हणून बोलावण्याची वाट न पाहता नीटच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करा. तळपायाची चाचणी घरीच होते: ओल्या पायाने कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहा. ठशात आतल्या बाजूला खाच दिसली तर ठीक. पूर्ण पाऊल उमटलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘अनफिट’ शेरा आला तरी अपील मेडिकल बोर्ड आणि त्यानंतर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड असतात. अपिलाची मुदत थोडी असते, त्यामुळे शेरा नेमका कोणत्या कारणासाठी आहे ते तिथेच विचारून लिहून घ्या.

बाँडवर (शिक्षणानंतर लष्करात नोकरी करण्याच्या करारावर) सही करायच्या आधी घरी एकदा बसून बोला. शिक्षण अर्धवट सोडलं किंवा नंतर कमिशन (लष्करातलं अधिकारीपद) घेतलं नाही, तर भरायची रक्कम लाखांमध्ये असते. लघुसेवा (शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती नोकरी) मिळाली तरी ७ वर्षं आहेत, आणि पोस्टिंग तुमच्या आवडीचं नसतं. हे आई-वडिलांना आधी सांगितलेलं बरं. दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवलेल्या घरांत हा वाद प्रवेशानंतर उफाळतो.

यादी लागल्यावर प्रतीक्षायादीतल्या मुलांना बोलावणं आलं तर हजर व्हायला फार दिवस मिळत नाहीत. ईमेल रोज पाहा, स्पॅमचा कप्पाही. मेडिकल ‘फिट’ होऊन प्रवेश हातात येईपर्यंत कॅपमधली जागा सोडू नका. आणि सोडायची वेळ आली, तर सीट सोडण्याची शेवटची तारीख आधीच वहीत लिहून ठेवा; ती उलटली की दंड किंवा अनामत रकमेवर पाणी सोडावं लागतं.