अँटिव्हायरसविना घरचा संगणक: जून ते नोव्हेंबर २०२५

जून

बाबा फोंड्याहून नाटकाच्या संहितेच्या प्रती काढून आले. संध्याकाळी पेन ड्राइव्ह संगणकाला लावून मला हाक मारली, "अगं, हा फोल्डरवर बाण कसला आलाय बघ."

झेरॉक्सच्या दुकानात ज्यांनी कधी पेन ड्राइव्ह दिलाय, त्यांना हा बाण ओळखीचा असेल. खरा फोल्डर लपवलेला असतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवलेला असतो. क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते, मग खरा फोल्डर उघडतो. काम कुठेच अडत नाही, म्हणून संशयही येत नाही.

पैसे भरलेला, मुदत न संपलेला अँटिव्हायरस संगणकावर होता. तो गप्प का राहिला, हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. त्याच्या 'तपासू नये' यादीत सबंध सी ड्राइव्ह सापडला. संगणक जुना विकत घेतला तेव्हा मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर त्यावर आधीच घातलेलं होतं. त्याच्या सूचनांची फाईल अजून तिथेच होती आणि तिची पहिली ओळ होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. घालणाऱ्याने एक पाऊल पुढे जाऊन तो कायमचाच आंधळा केला होता आणि आम्ही वर्षभर त्याच्या भरवशावर बँकेची कामं करत होतो.

तेव्हा ठरवलं की वाईट काय आहे हे ओळखणाऱ्यावर, म्हणजे अँटिव्हायरसवर, विसंबायचं नाही. या यंत्रावर काय चालू द्यायचं, ते आपणच ठरवायचं. पुढची सगळी कामं या एका निर्णयातून निघाली.

जुलै

पहिलं काम खात्याचं. घरातले सगळे एकाच अ‍ॅडमिन खात्यातून, म्हणजे सिस्टीममधलं काहीही बदलू देणाऱ्या खात्यातून, काम करत होते. अ‍ॅडमिन वेगळं केलं आणि बाबांना साधं खातं दिलं. फाईलींची शेपटं (एक्स्टेन्शन) दिसतील अशी सेटिंग केली, कारण विंडोज ती मुळात लपवतं आणि त्यामुळे 'पावती.पीडीएफ.ईएक्सई' ही फाईल नुसती 'पावती.पीडीएफ' दिसते.

साध्या खात्याची मर्यादाही लक्षात ठेवा. ते सिस्टीम वाचवतं, कागदपत्रं नाही. ज्या फाईली बाबा बदलू शकतात, त्या बाबांच्या खात्यात शिरलेला रॅन्समवेअरही (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) बदलू शकतो. बॅकअपवर मी पुढे इतका वेळ घालवला तो यासाठी.

ऑगस्ट

या यंत्रात सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आहे. विंडोज ११ त्याला घेत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत पॅच, म्हणजे सुरक्षेच्या फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते. पॅच थांबलेलं यंत्र इंटरनेटवर ठेवायला माझं मन घेत नाही. वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या लाटेने १२ मे २०१७ ला जगभर धुमाकूळ घातला, पण ती ज्या फटीतून शिरली त्या फटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो घातला, त्यांच्या यंत्रांत ती त्या फटीतून शिरू शकली नाही, मग अँटिव्हायरस कुठलाही असो. पॅच घालायला लोकांना दोन महिन्यांचा अवधी होता.

९ ऑगस्टला डेबियन १३ आलं; डेबियन ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत लिनक्स प्रणाली. चवथीला घर पाहुण्यांनी भरायच्या आत, १६ तारखेला ते बसवलं. मध्येच वीज गेली, पण लॅपटॉप असल्याने निभावलं.

खरी अडचण टायपिंगची होती. बाबांच्या जुन्या संहिता युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत आणि तो फॉन्ट नसला की अक्षरांचा कचरा दिसतो. बावीस संहिता युनिकोडमध्ये आणल्या. जोडाक्षरं आणि रफार हाताने दुरुस्त करावे लागले, त्यात तीन आठवडे गेले. पण हे केलं नसतं तर क्रॅकवाल्या सॉफ्टवेअरची गरज उरलीच असती आणि बाकी सगळं व्यर्थ गेलं असतं. आता बाबा आयबस या टायपिंगच्या सोयीतून फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे, टाईप करतात. सॉफ्टवेअर फक्त डेबियनच्या भांडारातून येतं. तिथली यादी सहीची असते आणि उतरवलेलं पॅकेज तिच्याशी ताडून पाहिलं जातं. सुरक्षेचे पॅच आपोआप चढतात.

लिनक्स म्हणजे अभेद्य, असं कुणी म्हटलं की मी एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीची आठवण करून देते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दुसऱ्या संगणकात लांबून शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते मागे लागले, म्हणून त्या लायब्ररीत पेरलेलं मागचं दार उघडकीला आलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांत ते पोचलं होतं, पक्क्या झालेल्या स्टेबलमध्ये नाही. मी स्टेबलच धरून आहे, नव्या सुविधा उशिरा आल्या तरी चालतील.

सप्टेंबर

बाहेरचं ऐकत बसलेले प्रोग्रॅम किती, ते 'एसएस' कमांडने पाहिलं. अवाही आणि कप्स-ब्राउझ्ड निघाले, दोन्ही नेटवर्कवरचे प्रिंटर वगैरे शोधण्यासाठी. आमचा प्रिंटर यूएसबीच्या वायरवर आहे, त्यामुळे दोन्ही काढले. कप्स-ब्राउझ्ड ६३१ या यूडीपी पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या एका दारावर, कुणाचंही ऐकत असे आणि त्यातूनच २०२४ च्या सप्टेंबरात गंभीर फट उघड झाली होती. छपाई पूर्वीसारखीच चालते. मग यूएफडब्ल्यू या फायरवॉलने आत येणारं सगळं बंद केलं.

राउटरवर डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडणं), यूपीएनपी (प्रोग्रॅमना राउटरची दारं आपोआप उघडू देणं) आणि बाहेरून चालवायची सोय बंद, पासवर्ड नवा. दहा मिनिटांचं काम.

फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं. 'डाउनलोड' लिहिलेली खोटी बटणं बहुतेक जाहिरातींतून येतात, ती आता बाबांना दिसतच नाहीत.

पेन ड्राइव्हला नोएक्झेक हे बंधन लावलं, म्हणजे त्यावरचा प्रोग्रॅम थेट चालत नाही. मात्र बॅशला (लिनक्सचा आदेश चालवणारा प्रोग्रॅम) फाईलचं नाव दिलं तर स्क्रिप्ट तरीही चालते, हे मी करून पाहिलं. म्हणून घरचा नियम असा: दुकानात फक्त पीडीएफ न्यायची, तीही वेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि परत आल्यावर काहीही न उघडता तो फॉरमॅट करायचा. बाबांनी त्यावर लाल दोरा बांधलाय.

ऑक्टोबर, नोव्हेंबर

बॅकअपला रेस्टिक हा प्रोग्रॅम वापरते आणि दोन डिस्क. एक घरी कपाटात सिलिका जेलसोबत, कारण आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकांनाही बुरशी येते. दुसरी म्हापशाला मावशीकडे. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची. लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करेल आणि वीज पडली तर संगणक आणि डिस्क दोन्ही एकदमच जातील.

१९ ऑक्टोबरला पहिला पूर्ण रिस्टोअर केला, म्हणजे बॅकअपमधून सगळं परत काढून पाहिलं, ३८ जीबी. एका संहितेचा तिसरा अंक सापडेना. बाबांनी तो डेस्कटॉपवर ठेवला होता आणि मी बॅकअपला फक्त डॉक्युमेंट्स दिलं होतं. पाच महिन्यांच्या कामात मला सगळ्यात जास्त धसका याचा बसला. आता सबंध होम फोल्डर जातो. २ नोव्हेंबरच्या रिस्टोअरमध्ये तिसरा अंक आला. तो उघडून बाबांनी शेवटचा प्रवेश मोठ्याने वाचला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मावशीकडची डिस्क आणायची आहे. त्या दिवशी रिस्टोअर बाबा करतील, कागदावर लिहिलेल्या पायऱ्या बघून, आणि मी कीबोर्डला हात लावणार नाही.