अपग्रेड अर्ध्यात अन् लाइट गेली : उबंटू बीटाचा माझा अनुभव

सेलूत ओळखीच्या एका शाळेत बारा मशीनची लॅब आहे, तिथं सगळीकडं उबंटू (विंडोजसारखीच पण फुकटची सिस्टिम) मीच टाकून दिलेलं, म्हणून नवीन व्हर्जन आलं की आधी माझ्या घरच्या मशीनवर चालवून बघतो अन् मगच लॅबला हात लावतो. लेकरांच्या मशीनवर प्रयोग नको, काय बिघडायचं ते माझ्या टेबलावर बिघडू द्या.

२०२४ ला उबंटू २४.०४ चं बीटा, म्हणजे फायनलच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन, ४ एप्रिलला येणार होतं, ते आठवडाभर पुढं गेलं. कारण एक्सझेड ह्या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं जगासमोर मांडलं की एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मधी कुणीतरी चोरदरवाजा घालून ठेवलाय, अन् त्याला संशय कशावरून आला तर एसएसएच (नेटवरून दुसऱ्या मशीनमधी शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागायला म्हणून. अर्धा सेकंद! एवढ्याशा गोष्टीच्या मागं लागणारी माणसं आहेत म्हणून आपली मशीनं नीट चालतात, हे मी मनापासून सांगतो. मग तो कोड आल्यानंतर तयार झालेली सगळी पॅकेजं उबंटूवाल्यांनी परत बिल्ड केली आणि बीटा ११ एप्रिलला आलं.

त्या दिवशी रमजान ईद. शेजारून आलेला शीरखुर्मा खाल्ला, दुपारी बसलो, घरच्या मशीनवर २३.१० होतं, डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घेतला आणि नवीन व्हर्जनवर नेणारी कमांड डू-रिलीज-अपग्रेड -डी मारली. दीड जीबीच्या वर डाउनलोड झालं, पॅकेजं एकेक अनपॅक व्हायला लागली, निम्म्यावर आलं असंल नसंल अन् लाइट गेली. यूपीएस होता पण बॅटरी उतरलेली, दोन मिनिटं पीप पीप करून तोबी बंद.

दीड तासानं लाइट आली, मशीन चालू केलं तर लोगो येऊन तिथंच थांबलं. भाचा सुट्टीला आलेला, तो म्हणला, "मामा, कायला डोकं लावायलाव, फॉरमॅट मारा, तासाभरात मोकळे." आमच्याकडं कुणालाबी विचारा, हेच सांगतंय. मी म्हणलं नाही रे बाबा, उद्या लॅबमधी असंच झालं तर बाराच्या बारा फॉरमॅट मारत बसू का, काय झालंय ते कळू दे आधी.

चालू करताना शिफ्ट दाबून धरलं, ग्रबचा, म्हणजे कुठलं कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालू करायचं ते निवडायचा मेनू आला, त्यात जुन्या ६.५ कर्नलचा रिकव्हरी मोड घेतला आणि रूट शेलमधी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या कमांडच्या स्क्रीनवर गेलो. इथं एक लक्षात ठेवा, त्या शेलमधी डिस्क नुसती वाचता येती, लिहिता येत नाही, आधी माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू / असं द्यावं लागतंय, नाहीतर पुढची प्रत्येक कमांड एररच देणार. मग पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीची -एल ची यादी काढली. त्यात प्रत्येक पॅकेजच्या पुढं दोन अक्षरं असतात, आयआय म्हणजे नीट बसलेलं, आययू म्हणजे नुसतं उघडलेलं, आयएफ म्हणजे कॉन्फिगर होता होता अडकलेलं. आयआय सोडून बाकीची मोजली तर चारशेच्या वर! पण मला तर ते बघून धीरच आला, कारण मशीनला कुठं काय राहिलंय ते सगळं माहीत होतं.

अर्धवट राहिलेली सगळी पुरी करायला डीपीकेजी --कॉन्फिगर -ए मारलं. धडाधड ओळी पळायला लागल्या, दहा-बारा मिनिटांनी थांबल्या आणि खाली चार-पाच नावं, सगळी लिनक्स-हेडर्स, लिनक्स-जेनेरिक अशी कर्नलचीच. भाचा म्हणला, "बघा, कर्नलच गेलं." मलाबी क्षणभर तसंच वाटलं. पण खाली जी नावं येतात ती नुसती एकाच्या मागं एक अडकलेली असतात, खरं कारण पार वर कुठंतरी राहतंय आणि त्या काळ्या स्क्रीनवर वर सरकताच येत नाही. म्हणून तीच कमांड परत मारली, पण आउटपुट सगळं एका फाइलमधी घेतलं आणि लेसमधी (फाइल वाचायचं टूल) उघडून वरून वाचत आलो. पाच मिनिटांतच ओळ सापडली, कर्नल ६.८ साठी मॉड्यूल बिल्ड झालं नाही, मेक.लॉग बघा. मॉड्यूलचं नाव होतं ८८एक्स२बीयू.

हा माझ्या यूएसबी वायफाय डोंगलचा ड्रायव्हर. ५.१५ कर्नल होतं तवा हा डोंगल चालत नव्हता म्हणून बाहेरून सोर्स आणून डीकेएमएसमधी टाकलेला, त्यामुळं नवीन कर्नल आलं की तो दरवेळी आपोआप परत बिल्ड व्हायचा. ह्यावेळी जुना सोर्स ६.८ वर बिल्ड होईना आणि त्याच्या पायी कर्नलची सगळी पॅकेजं अडकून बसली. आणि गंमत अशी की ह्या चिपचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलमधीच आलेला आहे, आरटीडब्ल्यू८८ मधी, बाहेरच्याची गरज केव्हाच संपलेली! डीकेएमएस रिमूव्ह करून ते मॉड्यूल काढलं, त्याची ब्लॅकलिस्टची फाइल पण काढली (ही राहिली तर आतला ड्रायव्हर लागतच नाही), परत कॉन्फिगर -ए मारलं आणि ह्यावेळी नावं अडकली नाहीत. मग पॅकेजं आणून बसवणाऱ्या एपीटीची अडकलेलं पुरं करायची कमांड, एपीटी -एफ इन्स्टॉल. ह्याला नेटची गरज पडली नाही, डाउनलोड झालेल्या फाइली व्हार फोल्डरच्या आत कॅशमधी तशाच होत्या. रात्री साडेनऊला मशीन ६.८ वर चालू झालं, वायफाय पण लागलं.

पण अपग्रेड अजून पुरं झालेलं नव्हतं. एपीटी फुल-अपग्रेड मारलं तर काढून टाकायच्या पॅकेजची ही लांबलचक यादी, त्यात उबंटू-डेस्कटॉपचं, म्हणजे स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या-मेनूच्या पॅकेजचं पण नाव. इथं एंटर मारायचा नाही. एन दाबलं आणि नीट बघितलं, तर बरीचशी नावं एकीकडं काढायच्या यादीत आणि तीच टी६४ लावून नवीन यादीत, लिबएसएसएल३ जाऊन लिबएसएसएल३टी६४ असं. ३२ बिट मशीनवर वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून जाणार, आपल्याकडं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, त्यासाठी आत्तापासून वेळ ६४ बिटमधी न्यायचं काम चाललेलं, आणि नावं आपल्या ६४ बिट मशीनवर पण बदलली. म्हणजे जोडी असलेली नावं गेली तरी काळजी नाही, जोडी नसलेलं एखादं जायलंय का तेवढं बघायचं. डेस्कटॉपला जोडी नव्हती, म्हणून मी थांबलो. रोज सकाळी एपीटी अपडेट आणि मग फुल-अपग्रेड -एस, ह्या -एसनं नुसतं करून दाखवतंय, खरं काही करत नाही. तिसऱ्या दिवशी डेस्कटॉपचं नाव काढायच्या यादीतून गेलं, तवा वाय दाबलं.

त्याच यादीत एक्सझेड-युटिल्स ५.६.१ दिसलं आणि पोटात गोळाच आला, हेच तर ते चोरदरवाजाचं व्हर्जन! पुढचं वाचलं तवा जीव भांड्यात पडला, पूर्ण नाव ५.६.१+रियली५.४.५ असं होतं. एपीटी आपोआप मोठ्याच आकड्याकडं जातंय, म्हणून जुनं परत द्यायचं तर आकडा मोठा ठेवून पुढं रियली लिहितात. आत चांगलं ५.४.५ च.

२५ एप्रिलला फायनल आलं, दुसऱ्या दिवशी आमच्या परभणीचं लोकसभेचं मतदान, त्या गडबडीत अपडेट मारलं तर थोडीच पॅकेजं आली.

लॅब २२.०४ वरच ठेवली, ऑगस्टच्या शेवटी २४.०४.१ (पहिलं दुरुस्त व्हर्जन) आलं तवा हात लावला. आधी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घेतल्या, हेडसरांनी लगेच मंजूर केल्या. मग प्रत्येक मशीनवर डीकेएमएस स्टेटस मारलं, सात आणि अकरा नंबरच्या मशीनवर तोच ८८एक्स२बीयू निघाला. दोन्हीतून आधी तो काढला, नेट मोबाईल केबलनं दिलं आणि भाच्याला म्हणलं, आता तू चालव, मी मागं बसतो.