खुर्चीवरचा पोरगा आणि खालची बाई

संमोहनाच्या कार्यक्रमासाठी मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला की दोन प्रश्न ठरलेले. ‘किती घेता?’ आणि ‘माणूस आडवा ठेवता ना, दोन खुर्च्यांवर?’ पहिल्याचं उत्तर मी गाव बघून देतो. दुसऱ्याचं उत्तर नाही. खांदे एका खुर्चीवर, पोटऱ्या दुसऱ्या खुर्चीवर, एवढा आधार मिळाला की कुठलाही धडधाकट पोरगा पूर्ण जागेपणी ताठ राहतो. त्यात संमोहन शून्य. मग कलाकार त्याच्या पोटावर उभा राहतो. मणका पोराचा, टाळ्या कलाकाराला. हा आयटम करणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त सुपाऱ्या मिळतात हेही सांगून टाकतो, म्हणजे माझा जळफळाट कुठून येतो ते कळेल.

मी या धंद्यात नवा आहे. दिवसा चोपड्यात कृषी केंद्राच्या काउंटरवर कपाशीचं बियाणं आणि खत विकतो, गणपतीत आणि शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगला कार्यक्रम करतो. शिकलो ते भुसावळच्या एका जुन्या जादूगाराकडे. त्यांना आम्ही सर म्हणतो. सरांनी मला माणसं झोपवायला शिकवायच्या आधी स्टेजवरून परत पाठवायला शिकवलं.

बाहेरच्याला वाटतं, संमोहन करणाऱ्याच्या नजरेत काहीतरी असतं. नजर लागते, पण ती निवडायला. 1959 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संमोहनक्षमता मोजायची एक पट्टी तयार झाली. अशा चाचण्यांमधून पुढे जे दिसत आलं ते सोपं आहे: शंभरातली दहा-पंधरा माणसं सूचना फार चटकन घेतात, तेवढीच जवळपास घेतच नाहीत, बाकीची मधे. ती दहा-पंधरा गर्दीतून हुडकली की निम्मा कार्यक्रम झाला. म्हणून आधी सगळ्या गावालाच डोळे मिटायला लावायचे. हातात कैरीची फोड आहे, वर तिखट-मीठ आहे, आता चावा. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून डोक्यावर धरा, ती चिकटली, सुटत नाहीत. मी माईकवर बोलत असतो, पण बघत असतो कुणाच्या गळ्याची घाटी हलली, कुणाची बोटं खरंच पांढरी पडली. जो मित्रांच्या ढकलाढकलीत स्वतःहून स्टेजवर चढतो तो कामाचा नसतो. सरपंचाचा भाचा तर कधीच नाही. प्यालेला ओळखायचा तर त्याच्या कॉलरला माईक लावायच्या निमित्ताने जवळ जायचं. अठराच्या आतलं कुणी नको, फिट येणारं, गरोदर, डोक्याच्या गोळ्या चालू असलेलं नको, हे मी दोनदा सांगतो. ब्रिटनमध्ये अशा कार्यक्रमांसाठी 1952 पासून कायदा आहे. आपल्याकडे पोलीस पाटलाने नारळ फोडला की झालं.

खुर्च्यांचंही तसंच. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय फळ्यांच्या फटीत जातात, आणि मान टाकलेला माणूस खुर्चीसकट मागे जातो. मी सगळ्या खुर्च्यांचे पाय सुतळीने एकमेकांना बांधून घेतो. मंडळाची पोरं हसतात.

आणि साउंडवाला! जगातला प्रत्येक साउंडवाला माईकला इको लावतो. ‘तुमचं शरीर सैल होतंय’ हे वाक्य इकोमधून गेलं की ‘होतंय तंय तंय’ असं परत येतं आणि झोपणारा माणूस फिस्सकन हसतो. इको बंद कर म्हणून सांगावं तर तो दुखावतो. मी खर्जात, श्वासाच्या चालीवर बोलायला वर्ष घालवलं आणि हा एका बटणाने त्याचं लग्नाचं वऱ्हाड करून टाकतो.

तर हे गाव अनेर नदीच्या अंगाचं, नाव राहू द्या. आरती लांबली. दहाला स्पीकर बंद करायचा, म्हणजे हातात तासभर. पुढे सतरंज्यांवर बायका आणि लेकरं, मागे माणसं उभी, काही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मी नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच सांगितलं की माझ्याकडे कसलीही शक्ती नाही, मंत्र नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनातून होतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अतींद्रिय शक्तीच्या नावाने लोकांना फसवणं हा गुन्हा ठरवलाय, त्यामुळे हे सांगण्यात माझाही स्वार्थ आहे. गंमत अशी की शक्ती नाही असं म्हटलं की लोक जास्तच टरकतात. नम्र माणूस पोहोचलेला असतो, अशी आपली समजूत.

चाळून चाळून खुर्च्यांवर पाच उरले. त्यातला एक निळ्या टी-शर्टातला, केळीच्या गाडीवर घड भरणारा. मान जाड, उजवा खांदा किंचित खाली. मी दहापासून उलटं मोजत आलो, तो सहालाच गेला. पापण्या थरथरल्या, मग थरथर थांबली, खालचा ओठ सुटला, श्वास पोटात उतरला. मनगट धरून उचललं आणि सोडलं तर ओल्या टॉवेलसारखं मांडीवर पडलं. हात सोडल्यावर जो अलगद खाली ठेवतो तो सोंग करतो, ही सरांची पहिली परीक्षा.

त्याच्याकडून सात हा आकडा काढून घेतला आणि सांगितलं, समोर घड टांगलाय, फण्या मोज. तो हात पुढे करून मोजायला लागला. ‘चार, पाच, सहा, आठ, नऊ.’ घडात एक फणी जास्त निघाली. त्याने परत मोजल्या. परत तेच. पोट धरून हसायला लागलं गाव, कारण हा पोरगा दिवसभर तेच करतो. त्याच्या कपाळावर मात्र खरी आठी होती, हिशोब चुकल्यावर पडते तशी.

त्यानंतरचं मी अगदी जवळून बघितलंय. भाद्रपदातला हॅलोजन म्हणजे किड्यांची जत्रा. एक हिरवट पाखरू त्याच्या कानशिलावर बसलं, चालत मिटलेल्या पापणीवर आलं, पापणीच्या कडेकडेने नाकापाशी गेलं आणि तिथे पाय झाडत थांबलं. मी मोजत होतो आणि बघत होतो. पोराच्या चेहऱ्यावरची एक शीर हलली नाही.

पाचही जणांना आणखी खोल न्यायला मी परत दहापासून खाली येत होतो. चारपाशी आलो आणि बायकांच्या बाजूने आवाज आला. हुंकार, पोटातून आलेला. एक बाई बसल्या जागी गोल घुमायला लागली, अंबाडा सुटला, दोन्ही तळवे सतरंजीवर आपटू लागले. लेकरं ओरडत पांगली. कुणीतरी म्हणालं, ‘कानबाई उनी!’ म्हणजे खानदेशातली देवी, बाईच्या अंगात आली. सगळं गाव एकदम उभं राहिलं. आणि साउंडवाल्याने, कुणी न सांगता, देवीचं गाणं लावलं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

प्रेक्षकांतला एखादा माणूस नुसत्या आवाजाने जातो, हे आम्हाला माहीत असतं. त्याचं ठरलेलं उत्तर आहे: थांबायचं, आणि माईकवर शांतपणे सांगायचं की खाली बसलेल्यांपैकी कुणाचे डोळे मिटले असतील तर मी पाच म्हटल्यावर ते ताजेतवाने उठतील. मी तसं सांगितलं, पाचपर्यंत मोजलं. बाईवर ढिम्म परिणाम नाही. ती माझ्या मोजणीने गेली असेल किंवा नसेल, पण माझ्या मोजणीने परत यायला ती बांधलेली नव्हती. तिचं येणं-जाणं दुसऱ्याच खात्यातून होतं, आणि ते खातं गावाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

एक म्हातारी उठली. नऊवारी, चष्म्याला दोरा. तिने जे केलं ते मी एखाद्या कारागिराचं काम बघावं तसं बघितलं. आधी हाताने गाणं बंद करवलं. मग बाईच्या पुढ्यात तिच्याच उंचीवर बसली, डोक्याला हात न लावता खांद्यामागे तळवा ठेवला आणि थोडा वेळ तिच्याच लयीत स्वतः हलली. हळूहळू लय कमी केली. बाईची लय तिच्यामागे कमी झाली. आम्ही पैसे भरून शिकतो ते हेच: आधी समोरच्याच्या श्वासाबरोबर चालायचं, मग त्याला आपल्याबरोबर न्यायचं. कुंकू लावलं आणि विचारलं, ‘काय जोयजे तुले, माय?’

आवाज बाईचा होता पण जाड. ‘आखाजीले पोर बलाई नही!’

पोर म्हणजे ती स्वतः. दिलेली शिरपूरकडे, गौरींना म्हणून माहेरी आलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते, झोका बांधतात, ही खानदेशची रीत. भावाने या वर्षी बोलावलं नव्हतं. का, ते सगळ्या गावाला ठाऊक असावं, कारण सगळ्या माना एकदम एका माणसाकडे वळल्या. तो ट्रॉलीजवळ उभा होता. पुढे आला, हात जोडले, पुढल्या आखाजीला नक्की आणतो म्हणाला. म्हातारी म्हणाली, ‘तुना मान ऱ्हायना माय. आते जाय. पोरले तरास नको देऊ.’ तांब्याभर पाणी पाजलं. बाईने पदर सावरला आणि शेजारणीला विचारलं, काय झालं.

या सगळ्या वेळात मी खुर्च्यांपाशीच होतो. पाचातले तिघे हुंकारालाच डोळे उघडून स्टेजच्या कडेला गेले होते. चौथा एक डोळा किलकिला करून बसला होता. निळा टी-शर्ट मात्र तसाच, मान खाली, हात मांडीवर. गावात देवी आली, भावाची लाज निघाली, लेकरं रडली, साउंडवाल्याने ढोल वाजवला, तरी तसाच.

मी त्याचा सात परत दिला, सगळ्या सूचना एकेक करून काढल्या, मोजून उठवलं. कार्यक्रम तिथेच संपला. मागच्या बाजूला त्याला गाठलं. तुला काही ऐकू येत होतं का?

‘समदं ऐकू येई ऱ्हायंतं माले.’

मग उठला का नाहीस?

‘तुम्ही डोया उघाडा असं सांगंच नही ना, सर.’

आणि ते पाखरू? म्हणाला, कळत होतं. मग हाकललं का नाही? त्याने खांदा उडवला. ‘मनमा उनंच नही.’

हे उत्तर मला सोडत नाही. मूळचे गोव्यातल्या कांदोळीचे आबे फारिया 1813 साली पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करायला लागले. पणजीला त्यांचा पुतळा आहे. प्रयोग करणाऱ्यात कसलीही शक्ती नसते, सगळं झोपणाऱ्याच्या मनातून येतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. पण एका नटाने झोपल्याचं सोंग केलं, भर प्रयोगात डोळे उघडले, आणि त्यांचा बाजार उठला. माझं उलटं झालंय. माझ्या माणसाने डोळे उघडायला हवे होते तेव्हाही उघडले नाहीत, आणि जागाच होतो म्हणतो. स्टॅनफर्डच्या पट्टीचे एक कर्ते अर्नेस्ट हिल्गार्ड या अवस्थेला वेगळी मानत. दुसरे मानसशास्त्रज्ञ थिओडोर सार्बिन म्हणत की ही एक भूमिका आहे, माणूस ती मनापासून वठवतो. आज्ञाधारक पोरगा, सर म्हणाले बस म्हणून बसला, एवढ्यावर मी समाधान मानलं असतं. पण भूमिका वठवणाऱ्याची पापणी पाखराखाली हलते. माझी हलते, घरी करून बघितलंय. आणि मग त्या बाईचं काय? तिचा हुंकार सोंग म्हणावा तर म्हातारीच्या लयीबरोबर तिचा श्वास उतरला तो मी बघितलाय. खरा म्हणावा तर देवीला नेमकं आखाजीचंच आमंत्रण कसं आठवलं?

सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तुला काय करायचंय? पोरगा बसला ना शेवटपर्यंत? पैसे घे आणि ये.’

पैशाचंही झालंच. वरण-बट्टीचं जेवण झाल्यावर अध्यक्षांनी पाकीट दिलं, ठरल्याच्या अर्धं. म्हणाले, ‘अर्धा कार्यक्रम तर देवीनेच केला, सर.’ यावर काय बोलणार? दोन पोरं म्हणत होती की मीच काहीतरी करून बाईला घुमवलं. कॉलेजात जाणारा एक जण उलट माझ्यावर चिडला, तुम्ही माईकवर तिथल्या तिथे पर्दाफाश करायला पाहिजे होता म्हणाला. त्या बाईचा, दीड हजार माणसांपुढे, तिच्या भावासमोर? मी नाही केला आणि करणारही नाही. आणि एक बाप येऊन बसला होता, मुलाची दारू तुमच्या झोपेने सोडवा म्हणून. त्याला जळगावला सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा असं सांगितलं. तो हिरमुसून गेला. मला वाटतं, तो म्हातारीकडे गेला असणार.

बाईचा व्हिडिओ कुणीतरी काढलेला होताच. तो फिरत फिरत अमळनेरकडच्या एका मंडळापर्यंत गेला. परवा त्यांच्या अध्यक्षांचा फोन आला. मानधन विचारलं, तारीख विचारली, माणूस आडवा ठेवता का ते आश्चर्य म्हणजे विचारलं नाही. फोन ठेवण्याआधी म्हणाले, ‘आणि सर, त्या बाईला पण आणा बरं का. त्यांचं काय असेल ते वेगळं देऊ.’