पाणी बाधलेली फाइल

विंडोजवर ठणठणीत असलेली एक्सेलची फाइल लिनक्सवर किंवा मॅकवर उघडली की कुठे #नेम? येतं, कुठे नुसती ##### अशी रांग लागते. गाव बदललं की एखाद्याला पाणी बाधतं, तसं. फाइल बिघडलेली नसते. फाँट, काही फंक्शनं, मॅक्रोला (फाइलीतल्या छोट्या कोडला) लागणारे घटक या गोष्टी ती आधीच्या मशीनकडून उसन्या घेऊन जगत असते, इतकंच.

त्यातली ##### ची रांग अगदी निरुपद्रवी. लिनक्सवर सहसा कॅलिब्री हा फाँट नसतो. बदली आलेला फाँट रुंद निघाला की आकडे कॉलमात मावत नाहीत. कॉलमच्या कडेवर डबल क्लिक करायचं. कायमचा इलाज हवा तर कार्लितो फाँट टाकावा, त्याची अक्षरं रुंदीला कॅलिब्रीइतकीच आहेत. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या याद्यांचं दुखणं मात्र खोल. त्या फाइलीत मराठी अक्षरं मुळात नसतातच, रोमन अक्षरांवर मराठी चेहरे चढवलेले असतात. फाँट नसला की चेहरे गळून पडतात. अशी यादी कन्व्हर्टरने एकदाची युनिकोडमध्ये न्यावी.

#नेम? म्हणजे बहुधा अनोळखी फंक्शन. यादीत शोधून त्यासमोरचं उत्तर आणणारं एक्सलुकअप लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचात 24.8 या आवृत्तीपासून आलं. त्याआधीच्या कॅल्कला, म्हणजे त्या संचातल्या एक्सेलच्या भावंडाला, ते ठाऊकच नाही. फाइल दहा जणांकडे जाणार असेल तर तेच काम करणारी इंडेक्स-मॅचची जोडीच बरी, जुनाट दिसलं तरी. आणखी एक खोच: एक्सेलमध्ये सेव्ह केलेली फाइल उघडताना कॅल्क सहसा जुनी उत्तरंच दाखवतं, गणित पुन्हा करत नाही. म्हणून आकड्यांवर विसंबण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबावं.

मॅकवर मॅक्रो 429 नंबरचा एरर देऊन थांबला, तर कोडमध्ये ‘क्रिएटऑब्जेक्ट’ शोधावं. त्यातून मागवलेली ‘स्क्रिप्टिंग डिक्शनरी’ विंडोजची मालमत्ता, मॅकवर ती नाही. बऱ्याच ठिकाणी मॅक्रोच्या भाषेतल्याच साध्या कलेक्शनवर भागतं. फाइलीच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ ठोकून दिली असेल तर तिथे ‘अॅप्लिकेशन डॉट पाथसेपरेटर’ लिहावं.

एरर आला की निदान कळतं तरी. माझ्या मते खरी भीती तारखांची, कारण त्या गुपचूप चुकतात. एक्सेल आधी मॅकवर आलं, 1985 साली. तिथे दिवस मोजायचे 1904 पासून, विंडोजवर 1900 पासून. (1900 हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलला त्या सालचा 29 फेब्रुवारी मान्य आहे, लोटस 1-2-3 या त्या काळच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक जपून ठेवली.) कोणती पद्धत, याची नोंद फाइलीतच असते, त्यामुळे नुसती उघडून काही होत नाही. घात होतो तो एका फाइलीतून दुसरीत कॉपी-पेस्ट करताना. 1904 वाल्या फाइलीतली 15 जून 1980 ही जन्मतारीख 1900 वाल्या फाइलीत 14 जून 1976 होते आणि कर्मचारी चार वर्षं आधीच निवृत्त! फरक नेमका 1462 दिवसांचा. रिकाम्या सेलमध्ये 1462 लिहून तो कॉपी करावा, चुकलेल्या तारखा निवडून पेस्ट स्पेशलमध्ये ‘व्हॅल्यूज’ आणि ‘अॅड’ निवडावं. ऑप्शन्समधल्या ‘1904 डेट सिस्टिम’ला हात लावू नये, त्याने त्या फाइलीतल्या झाडून सगळ्या तारखा सरकतात.

सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, चोरी वेगळी. मशीनचा रीजन अमेरिकेचा असेल तर 03/04/2024 हा 3 एप्रिल न राहता 4 मार्च होतो, आणि 25/04/2024 तारीखच न ठरता मजकूर बनून सेलच्या डाव्या कडेला चिकटतो. ती डावी कडा हीच खूण. एखादी जरी अशी दिसली, तर उजवीकडच्या शहाण्या दिसणाऱ्या तारखाही उलटलेल्या समजाव्यात. सेलचं फॉरमॅट बदलून त्या सुलटत नाहीत. फाइल बंद करावी, डेटा मेनूतल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने पुन्हा आणावी, एन्कोडिंग 65001 (युनिकोडचं यूटीएफ-8) निवडावं म्हणजे मराठी नावंही शाबूत येतात. मग ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त आपोआप पडलेली ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी पुसून, तारखेच्या कॉलमला ‘यूजिंग लोकेल’मधून इंग्लिश-इंडिया सांगावं.