घरी कोण कोण हाय?

"काका, घरच्या सगळ्याईनं बसून पाह्यसारखा एखादा पिच्चर सांगा न."

दिवाळीच्या आठवड्यात हा प्रश्न माझ्या दुकानात रोज तीन-चार वेळा येतो. पोरं पुण्याहून, नागपूरहून गावी आलेली असतात. कापूस अर्धा घरात, अर्धा शेतात. रात्री सगळे एकत्र बसणार, आणि काय लावावं ते कोणालाच सुचत नाही. दुकान मोबाईल रिचार्जचं, पण नव्वदच्या दशकात मी गावोगाव व्हिडिओ लावायचो. त्यामुळे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या पाच-सात गावांत माझ्याबद्दल एक समज आहे, की याला सिनेमातलं कळते.

आता खरं सांगतो. मला सिनेमातलं फार कळत नाही. त्या काळात मी एकही सिनेमा धड पाहिला नाही. व्हीसीआर टीव्हीच्या खाली, मी त्याच्या बाजूला, हात ट्रॅकिंगच्या बटनावर आणि तोंड लोकांकडे. चित्र हललं की पहिल्या रांगेतली पोट्टी बोंबलायची, मग मी बटन फिरवायचो. दोन-अडीचशे माणसांची तोंडं मात्र मी रात्र रात्र पाहिली आहेत.

टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं कारंज्याहून यायचे, शकुंतलेनं. मूर्तिजापूर-यवतमाळची ही नॅरोगेज गाडी, १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. टीव्ही गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचं. गाडी इतकी सावकाश, की टीव्हीला दणका बसायची भीतीच नव्हती. रात्री तीन कॅसेटी: आधी देवाचा, मग घरगुती, मग मारधाडीचा. दुसरा संपला की बाया उठून जायच्या, झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून.

एका गावात दुसऱ्या नंबरवर 'माहेरची साडी' होता. १९९१ चा, अलका कुबलचा. त्याची गोष्ट मूळची राजस्थानी सिनेमातली, हे मला फार नंतर कळलं. पण त्या रात्री कोणी तसं सांगितलं असतं तर बायांनी त्याला हाकललं असतं. सासरच्या छळाचा ऐन भर, आणि लाईन गेली. माणसं बिड्या पेटवून पांगली. "बरं झालं, रडारड थांबली," असं एक जण मोठ्यानं म्हणालाही. बाया जागच्या हलल्या नाहीत. अंधारात एकीनं पुढं काय होईल ते सांगायला घेतलं. दुसरी म्हणाली, "तसं नाई होत वो." आणि ती सांगू लागली ते सिनेमातलं नव्हतंच. विहिरीवरून दोन घागरी आणायला उशीर झाला म्हणून कोणाला तरी रात्रभर ओसरीत बसवलं होतं. कोणाला, ते तिनं सांगितलं नाही. तिची सासू तिथंच, चार हातांवर बसली असावी. तासाभरानं लाईन आली, सिनेमा पुढं सुरू झाला. खरं रडणं तोवर होऊन गेलं होतं, पडद्यावरच्या साडीला उरलंसुरलं आलं.

हसायच्या सिनेमांचं वेगळंच. बाईल-माणसाचं जमते कसं, यावर आमच्याकडे कोणी हसत नाही. काऊन जमत नाही, यावर हसतात. 'मुंबई-पुणे-मुंबई' आला २०१० साली. तो मी माझ्याच घरी, भाचीच्या आग्रहानं पाहिला, आयुष्यात पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून. मुंबईची पोरगी पुण्यात पोरगा नाकारायला येते आणि दिवसभर भलत्याच पोराशी भांडत फिरते. मुंबई चांगली की पुणं, हेच निम्मं भांडण. भाची लोळून हसत होती. तिची आई, म्हणजे माझी बहीण, गंभीर. कारण चार महिन्यांपूर्वी भाचीला पाहायला तेरा माणसं गाडी भरून आली होती, पोहे दोनदा करावे लागले आणि निरोप अजून आला नव्हता. "पोरगी एकटी जाऊन पोरगा पाह्यते?" एवढंच ती दोनदा म्हणाली. मेव्हण्यांना तर भांडणच कळेना. "दोघंई तिकडलेच," म्हणाले, "मंग वाद कायचा?" अमरावती-नागपूर असतं तर त्यांनीही बाजू घेतली असती.

म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, घरी कोण कोण हाय? हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही.

२०१६ मध्ये ओळखीतला एक पोरगा आला. 'नटसम्राट' नुकताच येऊन गेला होता, नाना पाटेकरचा. मी न विचारताच नाव सांगितलं: शिरवाडकरांचं नाटक, मोठं काम, घरच्यांसोबत पाहा. निवृत्त झालेला नट आपलं होतं-नव्हतं पोरांच्या हवाली करतो आणि मग त्याच्यावर घर सोडायची पाळी येते, ही गोष्ट. मला काय माहीत, की त्यांच्या घरी त्याच सोमवारी बाप दोन्ही पोरांच्या नावे शेताचं बक्षीसपत्र करून देणार होता! मुलांना शेत द्यायचं तर मुद्रांक फक्त २०० रुपयांचा, हे २०१५ पासूनच सुरू झालेलं. तारीख ठरली होती, साक्षीदारही ठरले होते.

पुढचं मला त्याच पोरानं दुकानाच्या फळीवर हात आपटत सांगितलं. सुना रडल्या. धाकटा भाऊ म्हणाला, लई ओढलं, एवढं कोणी बोलते का. बुढा काहीच बोलला नाही. सिनेमा संपल्यावर पाणी प्यायला, कोठीत गेला आणि सातबाऱ्याची पिशवी उशाखाली घेऊन झोपला. सोमवारी सकाळी धोतर नेसून तयार व्हायच्या ऐवजी बैल सोडून वावरात गेला.

"कोन्ता पिच्चर सांगतला तुमी?" पोरगा विचारत होता.

पंधरा दिवसांनी बुढा स्वतः आला, वीस रुपयांचा रिचार्ज मारायला. मी भीत भीत विचारलं, आवडला का सिनेमा? "काम चांगलं केलं त्यानं," म्हणाला. "पन मानूस येडा. जित्तेपनी कोनी नावावर करून देते काय? अन् द्याचंच होतं तं कागदात लिहाचं, मले सांभाळसान तं तुमचं." तलाठ्याकडे जाऊन तो २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा विचारून आला होता. सांभाळायची अट कागदात घातली आणि पोरांनी ती मोडली, तर दिलेलं परत मागता येते, हे त्यानं मला समजावून सांगितलं. नाटक-सिनेमा पाहून कोणी कायदा विचारायला गेल्याचं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. पुढं त्यानं बक्षीसपत्र केलं, अट टाकूनच. पोरगा वर्षभर माझ्याकडे रिचार्जला आला नाही.

मग एका दिवाळीला आला. बायको-पोरं घेऊन गावी आलेला, चेहऱ्यावर हसू.

"काका, एखादा पिच्चर..."

"घरी कोण कोण हाय?"

"सगळेच. बाबा पन."

मी लगेच 'अशी ही बनवाबनवी' सांगितला. १९८८ चा, तीन पिढ्यांनी पाठ केलेला. दोन पोट्टे साड्या नेसून भाड्याच्या घरात राहतात, एवढंच. वाटणी नाही, सातबारा नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा सांगत होता, घर हसून हसून पडलं. नातवानं तर तोच भाग तीनदा लावला.

"अन् बाबा?"

"बाबा शेवटपर्यंत एकच इचारत होते," तो म्हणाला. "त्या घरवाल्या बाईनं भाडेचिठ्ठी केल्ती का नाई म्हने."